हॉस्पिटल, खिडकी आणि पाव मैलाचा कॉरिडॉर

मागच्या पावसाळ्यात बाबांचं एक ऑपरेशन झालं. तसं काळजीचं काही नव्हतं, सगळं व्यवस्थित पार पडलं, पण पाच दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले. हॉस्पिटल एकदम चकाचक. खाली ग्रॅनाईटची भली मोठी लॉबी, तीन मजले उंच काच, मध्यभागी कारंजं. भेटायला आलेला काका लॉबीकडे बघत म्हणाला, "अरे, हे तर फाइव्ह स्टार हॉटेल आहे!"

वरच्या खोलीत मात्र एकच खिडकी होती, तीही कायमची बंद. पलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या विंगची भिंत आणि तिच्यावर ओळीने एसीची युनिट्स. ट्यूबलाइट चोवीस तास चालू. दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो, तर बाबांनी माझ्या ओल्या शर्टाकडे बघितलं आणि विचारलं, "पाऊस पडतोय का रे?"

बाहेर तासभर धो धो पाऊस कोसळत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता! सकाळ आहे की संध्याकाळ, हेसुद्धा ते चहावरून ठरवत होते.

आता आमच्या धंद्यात एक प्रश्न सारखा विचारावा लागतो : हे सॉफ्टवेअर वापरणार कोण? पैसे देतो तो वेगळा, डेमो बघून खूश होतो तो वेगळा आणि रोज आठ तास त्या स्क्रीनसमोर बसतो तो आणखी वेगळा. बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मला वाटलं, हे हॉस्पिटल डेमो बघणाऱ्यासाठी बांधलेलं दिसतंय. मग घरी आल्यावर दोन-तीन वीकेंड वाचत बसलो आणि लक्षात आलं की हे भांडण निदान अडीचशे वर्षं जुनं आहे. त्यात आपल्या ओळखीची काही मंडळीही भेटतात, अगदी अनपेक्षित ठिकाणी.

सुरुवात पॅरिसपासून करू. नोत्र दाम चर्चच्या शेजारी ओतेल-दिय नावाचं शहरातलं सर्वात मोठं धर्मादाय हॉस्पिटल होतं. एकेका पलंगावर चार-चार, कधी सहा-सहा रुग्ण. जिवंत माणसाच्या शेजारी मेलेला माणूस पडून असणं ही काही फार नवलाची गोष्ट नव्हती. १७७२ च्या डिसेंबरअखेर तिथे प्रचंड आग लागली आणि मग "आता परत बांधायचं तर कसं बांधायचं?" हा वाद सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला. शेवटी सायन्स अकादमीने एक समिती नेमली. समितीत कोण होतं बघा : लाव्हाझिए, लाप्लास, कुलोम आणि झाक तनों नावाचे एक सर्जन. हो, हो, बारावीला ज्याचा नियम पाठ करून आपण मार्क मिळवले तोच कुलोम! (इंजिनिअरिंगला लाप्लासने जो छळ केला त्याबद्दल मी इथे काही बोलत नाही. :-) )

१७८७ मध्ये तनों आणि कुलोम हॉस्पिटलं बघायला इंग्लंडला गेले. प्लिमथजवळच्या स्टोनहाउस इथलं नौदलाचं हॉस्पिटल त्यांना सगळ्यात आवडलं. तिथे एकच अवाढव्य इमारत नव्हती. अंगणाभोवती सुट्या सुट्या इमारती होत्या आणि दोन इमारतींच्या मध्ये मोकळी जागा. एका इमारतीतली हवा दुसरीत जात नव्हती. परत आल्यावर तनोंनी १७८८ मध्ये आपला अहवाल छापला आणि त्यात अगदी इंजिनिअरला शोभेल असं काम केलं : मोजलं. पलंग किती, पलंगावर माणसं किती, माणशी हवा किती, जिन्याची पायरी केवढी. ओतेल-दियमध्ये साधारण दर साडेचार रुग्णांमागे एक मरत होता. त्याच काळात एडिंबराच्या हॉस्पिटलात हे प्रमाण पंचविसात एक होतं. तनोंचं म्हणणं थोडक्यात असं, की हॉस्पिटलची इमारत हे स्वतःच एक उपचाराचं साधन आहे, आणि ते बिघडलेलं असेल तर रुग्ण मरतात.

पुढच्याच वर्षी राज्यक्रांती झाली आणि अहवाल कपाटात गेला. पॅरिसमध्ये त्या कल्पनांवर आधारलेलं लारिब्वाझिएर हॉस्पिटल पुरं व्हायला १८५४ साल उजाडलं.

आणि नेमकं १८५४ सालीच, तिकडे दूर इस्तंबूलमध्ये, हा धडा न शिकण्याची किंमत इंग्लंड मोजायला लागलं.

क्रिमियाचं युद्ध चालू होतं. जखमी आणि आजारी ब्रिटिश सैनिकांना जहाजात घालून स्कुटारीला आणत. तिथे हॉस्पिटल म्हणून वापरली जाणारी वास्तू म्हणजे तुर्की सैन्याची एक अवाढव्य चौकोनी बराक. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या परिचारिकांना घेऊन तिथे पोचली. हातात दिवा घेतलेली ती बाई आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली आहे. पुस्तकात जे नव्हतं ते असं, की ती पोचल्यावरही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या शंभरातले ४२ मरत होते. जेवण सुधारलं होतं, कपडे धुतले जात होते, शुश्रूषा होत होती, आणि तरी ही अवस्था. कारण बराकीखालची गटारं तुंबलेली होती आणि त्यांची घाण हवेत आणि पाण्यात उतरत होती.

मार्चमध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात दोन डॉक्टर होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचा एक सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी गटारं उपसली, पाण्याची सोय दुरुस्त केली, भिंतींना चुना मारला, हवा खेळायला छपरात आणि खिडक्यांत वाट करून दिली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरात दोनवर आलं. अर्थात ऋतू बदलला होता, गर्दीही कमी झाली होती, म्हणजे सगळं श्रेय गटारांना देता येत नाही. पण फ्लॉरेन्सबाईंना हे नंतर, इंग्लंडला परतून आकडे मांडताना जे कळलं, त्याने त्यांचं उरलेलं आयुष्य बदललं. इतकी शुश्रूषा करूनही आपली माणसं ज्या इमारतीत आपण ठेवली त्या इमारतीमुळे मेली, हे स्वतःच्या बाबतीत मान्य करायला काय धैर्य लागत असेल!

त्याच फेब्रुवारीत, जेव्हा स्कुटारीत सगळ्यात जास्त माणसं मरत होती, तेव्हा लंडनमध्ये युद्धखात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याने, बेंजामिन हॉजने, आपल्या मेहुण्याला विचारलं : घडीचं हॉस्पिटल बनवून देशील का? हा मेहुणा म्हणजे इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. रेल्वे, पूल, बोगदे आणि राक्षसी जहाजं बांधणारा. माझा हा जुना हीरो आहे, त्यामुळे पुढच्या दोन परिच्छेदांत माझा तोल थोडा गेला तर सांभाळून घ्या.

ब्रुनेलपुढे अडचण अशी, की जागा कुठली ते माहीत नाही. जमीन सपाट की उताराची, पाणी कुठून येणार, किती रुग्ण येणार, काहीच नक्की नाही. म्हणजे रिक्वायरमेंट्स नाहीतच, आणि डिलिव्हरी मात्र कालच हवी. (ओळखीचं वाटतंय ना?) त्याने एक युनिट ठरवलं : एक लाकडी इमारत, तिच्यात दोन वॉर्ड, मिळून ५० खाटा. प्रत्येक युनिटला स्वतःची शौचालयं, स्वतःची न्हाणी, परिचारिकांची खोली, आणि बाहेरची हवा आत ढकलणारा हाताने फिरवायचा पंखा. उन्हाने तापू नये म्हणून वरून चकचकीत पत्रा. अशी युनिट्स एका लांब कॉरिडॉरला दोन्ही बाजूंनी जोडत जायची. रुग्ण वाढले? आणखी युनिट्स जोडा. जमीन चढाची आहे? कॉरिडॉर चढाचा करा. सगळे भाग सुटे, माणसांना उचलता येतील असे. एक नमुना लंडनला पॅडिंग्टनच्या रेल्वे आवारात उभारून पाहिला, म्हणजे टेस्टिंगही झालं!

डार्डनेल्सच्या किनाऱ्यावर रेंकिओई इथे जागा मिळाली. जहाजांनी सुटे भाग गेले, सोबत जॉन ब्रंटन नावाचा इंजिनिअर गेला (हाच पुढे आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये रेल्वे बांधायला आला). जुलै १८५५ मध्ये ३०० रुग्णांची सोय तयार होती आणि पुढे हजार खाटांपर्यंत मजल गेली. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे १३०० रुग्ण आले आणि ५० दगावले. स्कुटारीच्या भीषण हिवाळ्याशी या आकड्याची थेट तुलना करणं बरोबर नाही, कारण रेंकिओईला रुग्ण उशिरा आणि तुलनेने बऱ्या अवस्थेत आले. पण एका गोष्टीची मला फार मजा वाटते. या इमारतीला दर्शनी भाग असा नव्हताच. बाहेरून ती एखाद्या गोदामासारखी दिसत असणार. ब्रुनेलने खाटेवर पडलेल्या माणसाला काय लागतं तिथून सुरुवात केली आणि भिंती त्याच्याभोवती आल्या.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू.

मार्च १८५६ मध्ये युद्ध संपलं. आता इंग्लंडमध्ये सैनिकांसाठी एक मोठं, कायमचं, राष्ट्राला अभिमान वाटेल असं हॉस्पिटल हवं होतं. जागा ठरली साउदॅम्प्टनजवळ नेटली. १९ मे १८५६ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते कोनशिला बसवली गेली. ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सबाई परतल्या आणि काही महिन्यांनी नकाशे त्यांच्या हातात पडले. त्या हादरल्याच.

समुद्राच्या बाजूला सुमारे पाव मैल लांब, घुमट-बिमट असलेली भव्य इमारत. पण समुद्राच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या बाजूला काय होतं? कॉरिडॉर! ऊन, वारा, पाण्याचं दृश्य हे सगळं कॉरिडॉरला. रुग्णांचे वॉर्ड त्याच्या मागे, ईशान्येला मागच्या आवाराकडे तोंड करून. लहान लहान खोल्या, एका बाजूने खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला तो बंदिस्त कॉरिडॉर. म्हणजे वारा आरपार जायचा प्रश्नच मिटला, आणि वॉर्डातली हवा कॉरिडॉरमधून सगळ्या इमारतीभर फिरणार.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्याच. त्या थेट पंतप्रधान पामर्स्टनना भेटल्या. नेटली त्यांच्या घरापासून फार लांब नव्हतं. पामर्स्टनना पटलं. जानेवारी १८५७ मध्ये त्यांनी युद्धमंत्री पॅनम्युअरना खरमरीत पत्र लिहिलं. मतितार्थ असा, की बोटीतून जाणाऱ्याला इमारत ऐटबाज दिसावी या आर्किटेक्टच्या हौसेपायी रुग्णांच्या बरं होण्याचा बळी दिलेला आहे, काम थांबवा. पॅनम्युअरचं उत्तर तुम्ही ओळखलं असेलच. पाया झालाय, कंत्राटं दिलीत, सत्तर हजार पौंड खर्च झालेत, राणीने कोनशिला बसवलीय, आता कसं बदलणार? इतकं सगळं होऊन काय झालं? काही किरकोळ बदल. देशाच्या पंतप्रधानाला पटूनही इमारत बदलली नाही!

१८६३ मध्ये नेटली सुरू झालं. सैन्याची वैद्यकीय शाळाही तिथेच आली आणि हिंदुस्थानात येणारे लष्करी डॉक्टर तिथे शिकून येऊ लागले. शेरलॉक होम्सचे वॉटसनसाहेबही नेटलीचेच, पहिल्याच कादंबरीत तसा उल्लेख आहे. दुसऱ्या महायुद्धात ही वास्तू अमेरिकन सैन्याकडे होती, तेव्हा त्या कॉरिडॉरमधून सैनिक जीप चालवत असं सांगतात. १९६६ मध्ये इमारत पाडली, मधलं प्रार्थनागृह तेवढं उरलंय. म्हणजे कागदावर असताना खोडरबराने जाऊ शकली असती अशी एक चूक शंभर वर्षं टिकली, आणि त्या शंभर वर्षांत तिथे झोपलेल्या प्रत्येक माणसाने मागचं आवार बघितलं.

या पराभवातून बाईंनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसतं "हे चूक आहे" म्हणून त्या थांबल्या नाहीत, बरोबर काय ते फुटाइंचात लिहून काढलं. १८५९ मध्ये हॉस्पिटलांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि १८६३ मध्ये त्याची बरीच वाढवलेली आवृत्ती. एका वॉर्डात साधारण ३० ते ३२ खाटा. रुंदी ३० फूट, उंची १५-१६ फूट. खिडक्या समोरासमोर, निदान दर दोन खाटांमागे एक, आणि कमरेच्या खालपासून जवळजवळ छतापर्यंत उंच. पडलेल्या माणसाला बाहेरचं दिसलं पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. पुढे वूलिचचं हर्बर्ट हॉस्पिटल (१८६५) आणि लंडनचं नवं सेंट थॉमस (१८७१) याच पद्धतीने बांधलं गेलं आणि जगभर त्याची नक्कल झाली.

आपल्याकडेही हे विचार त्याच दशकात पोचले. हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यावरचा रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ सालचा, आणि त्यातल्या आकड्यांवर बाईंनी प्रचंड मेहनत घेतली होती. त्या स्वतः इकडे कधीच आल्या नाहीत. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर १८६७ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांचे चांगले मित्र झाले. पुण्याचं ससून हॉस्पिटल सुरू झालं तेही १८६७ मध्येच. आपल्याकडच्या जुन्या दगडी सरकारी हॉस्पिटलांत शिरलं की ती उंच छतं, ते लांबरुंद व्हरांडे आणि उंच खिडक्या दिसतात ना, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. आपण त्यांना "जुनाट" म्हणतो.

आता खरी गंमत. फ्लॉरेन्सबाईंचं शास्त्र चुकीचं होतं! रोग दूषित हवेतून, घाणीच्या वासातून होतात असं त्या मानत. जंतूंचा सिद्धांत पाश्चर आणि कॉख यांनी नंतर पक्का केला. मग जंतू कळले, प्रतिजैविकं आली, लिफ्ट आली, ट्यूबलाइट आली, एसी आला. आता खिडकीची गरजच काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉस्पिटलं ऑफिसांसारखी जाड आणि बंद व्हायला लागली. आतल्या खोल्यांना उजेड विजेचा, हवा विजेची.

तिथे दोन अभ्यासांनी पाचर मारली. पहिला रॉजर उलरिच यांचा, १९८४ सालचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले ऑपरेशननंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांनी तीव्र वेदनाशामकंही कमी घेतली. ४६ म्हणजे फार मोठा आकडा नाही हे मान्य. पण एसीची युनिट्स बघत पडलेले बाबा आठवले आणि मी तो पेपर दोनदा वाचला.

दुसरा अभ्यास २००७ चा, पेरूची राजधानी लिमा इथला. क्षयरोग हवेतून पसरतो, म्हणून संशोधकांनी आठ हॉस्पिटलांतल्या ७० खोल्यांत हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजलं. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत तासाला १२ वेळा. साध्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडल्यावर २८ वेळा. आणि १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत ४० वेळा! विजेचा खर्च शून्य. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नैसर्गिक वायुवीजनावर मार्गदर्शिका काढली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा "खिडक्या उघडा" हे आपण सगळे परत एकदा शिकलो.

म्हणजे सगळं जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाहीये. ऑपरेशन थिएटरला गाळलेली हवा लागतेच. तीस खाटांच्या वॉर्डात खासगीपणाचा पत्ता नसतो. आणि आपल्या शहरात खिडकी उघडली की डास, धूळ आणि हॉर्न तिन्ही आत येतात. जाळी, व्हरांडा, मधला चौक, झाडं असा विचार करावा लागतो आणि तो नकाशाच्या वेळीच करावा लागतो. नंतर नाही. पाया झाला की पॅनम्युअरचं उत्तर तयारच असतं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी आर्किटेक्ट असाल, कुणाचा डॉक्टर मित्र नवं हॉस्पिटल बांधत असेल, किंवा कुणी कुठल्या ट्रस्टवर असाल, तर एक करा. नकाशा टेबलावर आला की आधी बाहेरून कसं दिसतं ते रंगीत चित्र बाजूला ठेवा. एक खाट निवडा, मनाने तिच्यावर आडवे व्हा आणि विचारा : इथून काय दिसतं? लॉबीतलं कारंजं दिसत नाही, हे लगेच कळेल.

बाबा आता ठणठणीत आहेत. घरी आले त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची गॅलरीत ओढून घेतली. पाऊस चालूच होता. आई म्हणाली, "अहो, आत या, गारठा आहे." ते म्हणाले, "थांब गं, पाच दिवसांचा बॅकलॉग आहे."